करंगळीवरची लग्नसराई

लग्नसराई आली की आधी माझ्या उजव्या अंगठ्याचं मूळ ठणकायला लागतं. पत्रिका, पुनावळ्याच्या लॉन्सवर चढणारे मांडव, हायवेच्या कडेला उभ्या राहणाऱ्या कमानी, हे सगळं नंतर. यंदाही तसंच झालं. परवा भाकरी थापता थापता परातीवरच हात थांबला आणि मी मनाशी म्हटलं, आले बाई दिवस. त्याच दुपारी पहिल्या बुकिंगचा फोन आला.

डॉक्टर म्हणतात, वजन उचलू नका. मी म्हटलं, डॉक्टर, मी कुठं उचलतेय, ते माझ्या गळ्यातच पडलंय. मोठी लेन्स लावली की माझा डीएसएलआर दोन किलोच्या पुढं जातो. तसं दोन किलो म्हणजे काही फार नाही. डांगे चौकातून भाजीची पाच किलोची पिशवी मी गप्पा मारत आणते. पण ती पिशवी डोळ्याशी धरून सहा तास उभी राहा, असं मला कुणी सांगत नाही.

हा कॅमेरा ज्यानं कुणी घडवला त्याच्या घरात बाईमाणूस नसावं, असा मला दाट संशय आहे. डोळा लावला की नाक मागच्या पडद्यावर चेपतं आणि तिथं तेलाचा डाग उमटतो. टिकली तर हमखास डोळ्यापाशी असलेल्या रबराला चिकटून बसते. किती लग्नांत मी नवरीच्या आईसमोर मोकळ्या कपाळानं उभी राहिलेय आणि त्या बायका माझ्याकडे कळवळून बघत राहिल्यात! बांगड्या लेन्सवर खणखणतात म्हणून सराईपुरत्या डब्यात जातात. कानातलं पट्ट्यात अडकतं. आणि पकड तर विचारूच नका. उजव्या बाजूला तो जो रबरी फुगवटा असतो, तो एखाद्या भल्यामोठ्या पुरुषी पंजाचं माप घेऊन केलेला आहे. माझी बोटं त्याला पुरत नाहीत, मग सगळा भार अंगठ्याच्या मुळावर येतो. फोटो काढायचं बटण, फिरवायची चाकं, सगळं उजव्या हाताच्या बोटांखाली. डाव्या हाताला काम एकच, लेन्स खालून तोलून धरायची.

एवढ्या शिव्या घालूनही तो कॅमेरा मी सोडत नाही. कारण तो मूळचा माझा नाहीच. माझ्या थोरल्या भावाचा, मिलिंददादाचा.

दादा चाकणला एका कंपनीत प्रेस शॉपला ऑपरेटर होता. पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, वरून प्रेस धाडकन खाली येते, गाडीचा कुठला तरी भाग तयार होतो, तो काढायचा, पुढचा तुकडा ठेवायचा. आठवडाभर हे, आणि सुट्टीच्या दिवशी लग्नं. ओव्हरटाइम करकरून त्यानं कॅमेरा घेतला तेव्हा आई म्हणाली होती, "याच्यापरीस फ्रीज घेतला असतास तर पाणी तरी गार मिळालं असतं." दादानं तिथल्या तिथं आईचा रागावलेला फोटो काढला. तो अजून आमच्या भिंतीवर आहे. आईचा इतका खरा फोटो दुसरा नाही.

मला शिकवलं दादानंच. मी तेव्हा नवऱ्याचं घर सोडून थेरगावला माहेरी आले होते आणि दिवसदिवस भिंतीकडे बघत बसायचे. सगळे समजुतीचं बोलायचे, त्यानं डोकं आणखी उठायचं. दादा एक शब्द बोलला नाही. एका रविवारी त्यानं कॅमेरा माझ्या हातात ठेवला. म्हणाला, "धर." मी धरला, तर ओरडलाच. "अगं, मेलेला उंदीर उचलल्यासारखा काय धरतेस! डावा तळवा लेन्सच्या खाली. वरून नाही, खालून. कोपरं बरगडीला टेकव. एक पाय पुढं. आता श्वास सोड आणि सोडता सोडता दाब." मी दाबलं. आतला आरसा खटॅक करून वर गेला, खाली आला, आणि तो आवाज माझ्या गालाच्या हाडात वाजला. कित्येक महिन्यांनी माझ्या हातून काहीतरी घडलं असं मला त्या क्षणी वाटलं.

मग अर्ध्या दाबाचा धडा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. या बटणाला दोन पायऱ्या असतात. अर्धं दाबलं की लेन्स समोरच्या माणसावर नजर स्थिर करते, पुरतं दाबलं की फोटो निघतो. "आधी त्याला बघू द्यायचं," दादा सांगायचा. "त्यानं नीट बघितलं की मग दाबायचं. घाई केलीस तर न बघताच फोटो काढतो तो." मी आठवडाभर बॉलपेनच्या खटक्यावर सराव केला, पार आई वैतागेपर्यंत. अजूनही कुणी माझ्याशी बोलत असलं की हातातलं पेन अर्धं दाबून ठेवायची माझी खोड गेलेली नाही.

त्या वर्षी दिवाळी झाली, थंडी पडली, आणि एका दुपारी कंपनीतून फोन आला. दादाचा उजवा हात प्रेसखाली गेला होता. तर्जनी मधल्या पेरापर्यंत गेली, मधलं बोट मुळापासून. अंगठा, अनामिका आणि करंगळी तेवढी राहिली.

"मशीन बिघडली," दादा येईल त्याला सांगायचा. दवाखान्यात भेटायला आलेल्यांना हेच, घरी आलेल्यांना हेच. जखम भरली, कंपनीनं त्याला स्टोअरमध्ये बसवलं, पण हात कुणाला दिसू द्यायचा नाही. आमची करुणावहिनी घरी शिवणकाम करते. दादानं तिला सांगून सगळ्या सदऱ्यांना उजव्या बाजूला खिसे लावून घेतले, मनगटापर्यंत हात जाईल असे. वहिनीनं मुकाट्यानं शिवून दिले. मला नंतर म्हणाली, "सुजाता, एवढे खिसे मी शिवले, पण प्रत्येक टाक्याला वाटत होतं, सुई मोडावी."

आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात हे नवीन नाही हो. लग्नात मुलाकडची मंडळी ग्रुप फोटोला उभी राहिली की एखाद्याचा हात हळूच शेजाऱ्याच्या पाठीमागं जातो, एखादा एका हातावर दुसरा झाकून उभा राहतो. फोटोग्राफरनं त्याला 'हात सरळ ठेवा' म्हणायचं नसतं. हे मला दादानंच शिकवलं होतं, पहिल्याच लग्नात, कानात कुजबुजून. तेव्हा तो स्वतः दहा बोटांचा होता.

सराईची बुकिंगं आधीच घेतलेली होती. मार्च संपत आला तसा मी कॅमेरा कपाटातून काढला आणि दादासमोर ठेवला. "बघ तरी धरून." वहिनी मशीनवरून उठून दारात आली. दादानं खिशातून हात काढला, पकडीवर ठेवला. अनामिका आणि करंगळी फुगवट्याला कशीबशी वेढली, पण बटणावर जायला बोटच नव्हतं. अंगठा वरून वाकवून त्यानं बटण गाठायचा प्रयत्न केला, आणि कॅमेरा निसटला. मी पट्टा धरला म्हणून वाचला. दादा शांतपणे म्हणाला, "ठेव आत. हे उजव्या हातवाल्यांचं काम आहे."

मला ते सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी उन्हाची पिंपरी कॅम्पात गेले. कॅमेऱ्यांचं सामान ठेवणाऱ्या चार दुकानांत विचारलं, डावखुऱ्या माणसाचा कॅमेरा आहे का? दोघं हसले. तिसऱ्यानं मागवून देतो म्हणून सांगितलं, त्याला मुळी प्रश्नच कळला नव्हता. चौथ्या दुकानात एक म्हातारे शेठ गल्ल्यावर बसले होते. त्यांनी मला आधी स्टूल दिलं, पाणी दिलं. "ताई, चाळीस वर्षं या धंद्यात आहे. कात्री डावी मिळते, कॅमेरा कुठल्याच कंपनीनं डावा काढला नाही. कुणासाठी पाहिजे?" मी सांगितलं. शेठ काही वेळ काउंटरवरची काच पुसत राहिले. मग म्हणाले, "तिवई लावा, वायरचं बटण लावा. हाताचं काम पडणार नाही." तिवई घरी होतीच. मी वायर घेऊन आले.

दादानं वायर बघितली आणि भडकला. "तीन पायांवर कॅमेरा रोवून लग्न काढू? वरात माझ्यासाठी थांबणार आहे? पासपोर्ट फोटोचं दुकान टाकतो त्यापेक्षा!"

"मग काय करायचं ते सांग ना!" मीही ओरडले. "त्या मेल्या मशीननं बोटं घेतली, आता काय सगळं आयुष्य तिच्या नावानं सोडून देणार आहेस?"

"मशीनला बोल लावू नको," दादा म्हणाला.

वहिनीचं शिलाई मशीन थांबलं. आणि दादानं त्या दिवशी आम्हाला सांगितलं. प्रेसला दोन बटणं असतात, दोन बाजूंना. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येते. म्हणजे दोन्ही हात बटणांवर, साच्यात हात राहायचा प्रश्नच नाही. पण त्यात वेळ जातो. म्हणून कुणी कुणी एका बटणात पुठ्ठ्याची घडी दाबून वर चिकटपट्टी मारतात. मग एका हातानं बटण, दुसऱ्या हातानं माल, काम झरझर उरकतं. सुपरवायझर आला की पट्टी काढायची. दादा नव्या पोरांना त्यावरून शिव्या द्यायचा. त्या दिवशी मात्र त्यानं स्वतः पुठ्ठा लावला. संध्याकाळी चिंचवडला एका साखरपुड्याची ऑर्डर होती. टार्गेट लवकर संपवून सुटायचं होतं. डाव्या हातानं बटण दाबलं, उजवा साच्यात होता.

"त्या बटणाला अर्धं नसतं," तो म्हणाला. "कॅमेऱ्यापायी गेली माझी बोटं, सुजे. त्याला हात लावला की मला तो पुठ्ठा आठवतो. लोकांना सांगायची लाज वाटते."

मी तिथंच फरशीवर बसले. मला त्याचा राग यायला हवा होता, आणि आलाही, पण माझ्या डोळ्यांसमोर सारखा तो रविवार येत होता, भिंतीकडे बघणारी मी आणि 'धर' म्हणणारा दादा. ज्या माणसानं मला ओढून बाहेर काढलं तो माझ्यादेखत आत आत चालला होता आणि मला त्याचं काही करता येत नव्हतं. वहिनीनं चहा ठेवला. तेवढंच कुणालातरी सुचलं.

एप्रिल मी एकटीनं ओढला. उन्हानं पकडीचं रबर ढिलं होऊन चिकटायचं, घामानं चाकं बोटाखालून सटकायची. साखरपुडे झाले, हळदी झाल्या, आमच्या बौद्ध समाजाची पांढऱ्या साड्यांतली लग्नं झाली. पांढरं कापड आणि भर दुपारचं ऊन म्हणजे फोटोग्राफरची कसोटीच. दर वेळी घरी येऊन मी दादाला मुद्दाम चुका दाखवायचे. तो न बघता सांगायचा, "उजेड एक घर कमी करायचा होतास." उत्तर कायम बरोबर असायचं.

आणि मे महिन्यात सलीमभाईंच्या मुलीचा निकाह होता.

सलीमभाईंचं डांगे चौकापाशी दुचाकीचं गॅरेज आहे. दादाची जुनी स्कूटर ते वीस वर्षं जिवंत ठेवत आले आहेत, मैत्री त्यातूनच. नाझनीनच्या लग्नाचं त्यांनी वर्षभर आधी ठरवून टाकलं होतं. त्यांच्याकडे बायकांच्या बाजूचे फोटो बाईच काढणार, पुरुष फोटोग्राफर तिथं चालत नाही. म्हणून जनान्यात मी आणि मर्दान्यात दादा. आता मर्दान्यासाठी दुसरं कुणी बघा, हे सांगायला आम्ही दोघं गॅरेजवर गेलो. सलीमभाई चाक हातात घेऊन बसले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमी येणार का न्हाई, एवढंच सांगा."

"येणार की. पण फोटो..." दादा म्हणाला.

"मग झालं. फोटो निघाले तर निघाले. तुमच्या जागी दुसरा माणूस उभा न्हाई करणार मी."

"सलीमभाई, पोरीचं लग्न आहे. खेळ आहे का?"

"म्हणूनच बोलतोय ना राव," असं म्हणून सलीमभाईंनी चाकाकडे तोंड फिरवलं. विषय संपला.

पुनावळ्याच्या लॉनवर सकाळी अकराचा निकाह. मधोमध कनात लावून दोन भाग केले होते. माझ्याकडे दोन कॅमेरे होते, हा मोठा आणि एक जुना, छोट्या लेन्सचा. जुना मी दादाच्या गळ्यात अडकवला. "सगळं ऑटोवर टाकलंय. नुसता असू दे गळ्यात." उजवा हात खिशात, डावा पट्ट्यावर, असा तो कनातीपलीकडे गेला. माझं मन तिथंच त्याच्याबरोबर गेलं.

आत नाझनीन घाबरून बसली होती. निकाहात नवरीच्या वतीनं बोलणारे वकील आणि साक्षीदार येऊन तिची कबुली घेऊन गेले, तिनं सही केली, मी सहीच्या हाताचे, मेंदीचे, तिच्या आईच्या भरल्या डोळ्यांचे फोटो काढले. हात शिकवल्याप्रमाणे चालत होता, कान मात्र कनातीला लागले होते. माइकवर काझींचा आवाज आला. नवऱ्या मुलानं तीनदा 'कबूल है' म्हटलं. मग दुआ सुरू झाली. दोन्हीकडची माणसं हात उचलून गप्प झाली. पंखे तेवढे फिरत होते. आणि त्या शांततेत पलीकडून आवाज आला, खटॅक.

मी कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला. परत, खटॅक. त्या जुन्या कॅमेऱ्याचा आरसा फार मोठ्यानं वाजतो, एरवी मला त्याची लाज वाटते. दुआ संपताच एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, "अहो भाईसाब, कॅमेरा उलटा पकडलाय तुम्ही!" आणि मग दादाचा, कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता असा, "माहीत आहे चाचा. तुम्ही सरळ बघा!" हशा पिकला. नाझनीनची आई मला विचारत होती, काय झालं, रडताय का? मी म्हटलं, फ्लॅश डोळ्यात गेला.

दुपारी घरी येऊन दादाचं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. अख्खं लग्न डोक्यावर उभं होतं. काझी उलटे, नवरा उलटा, बिर्याणीची पातेली छताला लटकलेली. मी हसत सुटले, वहिनी हसत सुटली. मग दादानं कॅमेरा घेऊन दाखवलं. डाव्या हातानं पकड धरायची तर कॅमेरा उलटा करावा लागतो. उलटा केला की फुगवटा डावीकडे येतो, बोटं त्यावर नीट बसतात, आणि वरचं बटण येतं खाली, बरोबर डाव्या करंगळीपाशी. लेन्स तोलायला उजवा तळवा. तिथं बोटांचं काम कमी, तळव्याचं जास्त. "बसल्या बसल्या गळ्यातला डाव्या हातानं उचलला, तर तो आपला आपणच उलटा झाला," दादा म्हणाला. "सलीमभाईंनी दुआला हात उचलले आणि माझ्यानं राहवेना." करंगळीनं अर्धा दाब साधत नव्हता, पहिले पाच-सहा फोटो साफ हलले होते. दुआतला शेवटचा आणि त्यापुढचे मात्र लख्ख होते.

फोटो सरळ फिरवले तेव्हा मला ते दिसलं. बऱ्याच फोटोंत खालच्या कडेला काहीतरी गुलाबीसर, अंधुक आलं होतं. आधी वाटलं पट्टा असेल. मग कळलं. दादाची अर्धी राहिलेली तर्जनी वाकत नाही. लेन्स खालून धरली की ती सरळ पुढं येते आणि फोटोत घुसते. दादानंही ते बघितलं. हसणं थांबलं. हात खिशात गेला. "ते सगळीकडनं क्रॉप कर," म्हणाला आणि उठून गेला.

मी क्रॉप केलं. सगळीकडे जमलं, एका फोटोत जमेना. दुआचा फोटो. सलीमभाई पुढच्या रांगेत, डोळे मिटलेले, दोन्ही हातांची ओंजळ फोटोच्या अगदी खालच्या कडेला, ग्रीसनं काळी झालेली नखं, आणि त्या ओंजळीला लागून दादाचं ते बोट. खालून कापावं तर बापाचे दुआचे हात जात होते. पुसून बघितलं, तर हात रबराचे दिसायला लागले. तीन दिवस मी त्या फोटोशी झटत होते. शेवटी दादाला न विचारता तो होता तसाच अल्बमला लावून टाकला.

आता त्या गोष्टीला पुष्कळ सराया झाल्या. सुरुवातीला दादाचं मनगट भरून यायचं, मग वहिनीनं पट्ट्याला आडवा पट्टा शिवून दिला, तो डाव्या मनगटाभोवती बसतो. करंगळीला अर्धा दाब यायला एक अख्खा पावसाळा गेला. आता नवे, बिनआरशाचे कॅमेरे आलेत, हलके, आवाज न करणारे. माझ्या अंगठ्याला ते बरे पडतील असं सगळे सांगतात, आणि मीही यंदा घेईन म्हणते. दादा दुकानात हातात घेऊन बघतो आणि परत ठेवतो. त्याला खटॅक ऐकू आल्याशिवाय फोटो निघालासा वाटत नाही. मांडवात नवीन माणूस त्याला हटकतोच, कॅमेरा उलटा धरलाय म्हणून. तो आता उत्तर द्यायच्याही फंदात पडत नाही. त्याला नवशिका समजून फुकटचा सल्ला देणारे महाभाग भेटतात तेव्हा मीच आडवी येते आणि मग वहिनीला मला आवरावं लागतं.

पण तेव्हा, त्या मे महिन्यात, यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. अल्बम द्यायला आम्ही गॅरेजवर गेलो त्या दिवशीही दादाचा हात खिशातच होता. तो फोटो अल्बममध्ये आहे हे त्याला माहीत नव्हतं. सलीमभाईंनी साबणानं हात धुतले, कोरडे केले, नाझनीन माहेरी आली होती तिला बोलावलं, आणि बाकड्यावर अल्बम उघडला. एकेक पान उलटत गेलं. दुआच्या पानावर ते थांबले. मग बोट ठेवून विचारलं, "हे काय आलंय खाली?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. छपाईत डाग पडलाय, बदलून देते. मी बोलायला तोंड उघडलं, पण दादानं खिशातून हात काढला आणि पानावर, त्या डागाशेजारी ठेवला. अर्धी तर्जनी, मधे मोकळी जागा, उरलेली दोन बोटं. नाझनीननं पहिल्यांदाच बघितला असेल तो.

"माझं बोट आहे," दादा म्हणाला. "आणि सलीमभाई, मशीन बिघडली नव्हती. बटणात पुठ्ठा मीच घातला होता. सगळ्यांना खोटं सांगत आलो."

सलीमभाईंनी त्या हाताकडे बघितलं, फोटोकडे बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी समजुतीचं बोलतील आणि दादाचा हात परत आत जाईल. ते म्हणाले, "म्हंजे दुआला माझे दोन आणि तुमचा एक. तीन हात उचलले व्हय आपण हिच्यासाठी?" मग मुलीकडे वळले. "बघ गं, तीन हात. आता भांडून माघारी आलीस तर याद राख."

नाझनीन हसायला लागली. दादा हसायला गेला आणि त्याच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं, ते पुसायला त्यानं उजवाच हात वर नेला. मला मात्र हसू येईना. मी तिथं, भर गॅरेजात, स्कूटरींच्या मधे उभी राहून मोठ्यानं रडत होते, नाक वाहतंय, टिकली कुठं गेलीय याचा पत्ता नाही. दादानं माझ्याकडे बघितलं आणि तोच उजवा हात माझ्या दिशेनं करून म्हणाला, "सलीमभाई, एवढं हिला कुणीतरी क्रॉप करा राव."